माळव्यातलं आंबट कालवण



इंदूरच्या मराठी माणसांवर आजवर पुष्कळ लिहून झालंय. महिदपूरची लढाई, मंदसौरचा तह, १८१८ मध्ये राजधानी इंदूरला आली तेव्हा मागोमाग आलेले कारकून, फडणीस, शास्त्री, वैद्य. मग वाडे, गणपती, नाटकं, साहित्य सभा. मी हे सगळं आवडीने वाचतो. पण ही माणसं घरात जेवत काय होती असं विचारलं की गाडी पोहे-जलेबीवर येऊन थांबते. आणि मासे म्हटलं की आमचे ठाण्याचे नातेवाईकसुद्धा हसतात. "इंदूरला कसले हो मासे? तुमच्याकडे समुद्र कुठाय?"

समुद्र नाही हे खरंच. मुंबई इथून जवळजवळ सहाशे किलोमीटर. पण समुद्राकाठची माणसं मात्र इथे दोन-अडीचशे वर्षांपासून आहेत, आणि त्यांच्या घरांत माशाचं आंबट कालवण तेव्हापासून होत आलंय. ते कसं टिकलं, कशाच्या जोरावर टिकलं, हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून हा खटाटोप. मी बी.कॉम. झालेला, जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस. इतिहासकार नव्हे. तेव्हा जमाखर्चाच्या नजरेने लिहितो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे माळव्यात आलेली मराठी मंडळी सगळी देशावरची आणि शाकाहारी होती, हा समज काढून टाका. आमची सीकेपी मंडळी कुलाबा, ठाणे जिल्ह्यांतून निघून बडोदा, ग्वाल्हेर, धार, देवास, इंदूर अशा सगळ्या संस्थानांत पसरली. लेखणीही चालवली आणि तलवारही. शेजारी उज्जैनला शिंद्यांचा मुक्काम होता, तिथे तर शेणव्यांचा मोठा गोतावळा. जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही सगळी सारस्वत माणसं शिंद्यांच्या दरबारात आणि लष्करात वरच्या जागांवर होती. लहानपणापासून समुद्राचा मासा खाल्लेली ही माणसं क्षिप्रेच्या काठी येऊन राहिली. त्यांच्या बायका आल्या, आचारी आले. लढाया बखरीत लिहिल्या गेल्या. आचाऱ्याने संध्याकाळी काय शिजवलं ते कोण लिहिणार?

आमच्या घरापुरतं मी सांगू शकतो, कारण आजीकडून ऐकलंय. आजी चौलची. लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा पितळी डब्यात तीन वस्तू होत्या असं ती सांगायची. सोडे, सुके बोंबील आणि आमसुलं. दागिने किती होते ते तिला नीट आठवत नसे, पण आमसुलं किती होती ते आठवायचं! सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, हे नव्या पिढीसाठी सांगून ठेवतो. आमच्याकडे ते सोन्यासारखे मोजून वापरायचे.

ताजा मासा मिळायचा तो नदीचा. रोहू, कतला, मरळ (इथे तिला सांवल म्हणतात), पढीन, बाम. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात, १९३०च्या दशकात, गंभीर नदीवर यशवंतसागर झाला तो शहराच्या पाण्यासाठी, पण त्यातून मासळीही यायला लागली. सगळ्यात मानाचा मासा नर्मदेचा. बडवाह, ओंकारेश्वर, महेश्वर या बाजूचा. महाशीर, ज्याला नर्मदाकाठी बाडस म्हणतात, तो माझ्या लहानपणी अधूनमधून घरी यायचा. २०११ मध्ये मध्यप्रदेशने त्याला राज्यमत्स्याचा दर्जा दिला. धरणं झाल्यावर वाहतं पाणी अडलं आणि तो दिसेनासा होत गेला, त्यानंतर हा मान. पेन्शन मंजूर होऊन यावी आणि माणूस गेलेला असावा, तसं झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. समुद्राचा मासा खाणाऱ्याला नदीचा मासा पहिल्यांदा आवडत नाही. का? त्याला मातीचा वास येतो. साचलेल्या पाण्यातल्या माशाला जास्तच. दुसरं म्हणजे बडवाहहून मासा इंदूरला येईपर्यंत, उन्हाळ्यात आणि बर्फाशिवाय, तो काही तासांचा झालेला असायचा. मासा शिळा होत गेला की जो उग्र वास सुटतो तो एका अल्कधर्मी द्रव्याचा असतो. आंबट त्याच्याशी संयोग पावून तो वास बसवतं. आणि मातीचा वासही आंबटापुढे कमी होतो. म्हणजे कोकणात जे आंबट चवीसाठी होतं, ते माळव्यात गरजेचं झालं. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण तिचा नियम पक्का होता: "समुद्राच्या माशाला चार आमसुलं, नदीच्याला आठ." हा नियम तिने कुठून आणला असेल? तिच्या सासूकडून, आणि तिने तिच्या सासूकडून. म्हणजे कुणीतरी एका बाईने, कधीतरी, पहिल्यांदा रोहू शिजवून तोंड वाकडं केलं असणार आणि दुसऱ्या दिवशी आंबट दुप्पट केलं असणार. इंदूरच्या मराठी इतिहासात मला ही बाई फार महत्त्वाची वाटते.

कालवण असं व्हायचं. तुकड्यांना हळद-मीठ चोळून अर्धा तास ठेवायचे. तांदूळ धुतल्यावर पहिलं पाणी फेकायचं, दुसरं धुवण राखून ठेवायचं. लसूण भरपूर, ठेचलेली, तेलात टाकायची. हिंग, हळद, तिखट. त्यावर धुवण. चिंचेचा लिंबाएवढा गोळा कोळून घालायचा, उकळी फुटली की तुकडे सोडायचे, झाकण नाही, ढवळणं नाही, पातेलंच धरून हलवायचं. आमसुलं अगदी शेवटी. ती जास्त उकळली तर तुरटपणा उतरतो. वरून कोथिंबीर. नारळ नाही. इंदूरला नारळ देवापुढे फोडायला परवडायचा, कालवणात वाटायला नाही. म्हणून आमच्या घरचं कालवण कोकणातल्यापेक्षा पातळ, पाण्यासारखं, आणि जास्त आंबट. ठाण्याची आत्या त्याला "इंदुरी पाणी" म्हणून चिडवायची. ती एवढं आंबट खाऊ शकत नसे.

भांडं कल्हईचंच लागे. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकलंच. कल्हईवाला गल्लीत आला की आजी सगळ्यात आधी ते एक पातेलं बाहेर काढायची. ते पातेलं दुसऱ्या कशाला वापरलेलं मी पाहिलं नाही.

हे आमसूल यायचं कुठून? इथे माझ्या आवडीचा विषय येतो, तो म्हणजे कर्ज. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. हा करार १८७० सालचा. वर्षाचं व्याज साडेचार लाख. मी नोकरीत किती तरी कर्जं मंजूर केली, पण संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावं आणि मुदत १०१ वर्षांची असावी, असा कागद हाती यायला भाग्य लागतं. या पैशातून होळकर स्टेट रेल्वे झाली. १८७४ मध्ये खंडव्याहून सनावदपर्यंत, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल, आणि १८७८ साली गाडी इंदूरला लागली. रेल्वे माळव्याची अफू, धान्य आणि कापूस खाली नेण्यासाठी होती, आमच्या आमसुलांसाठी अर्थातच नव्हती. पण रिकामं कोण परत येतं? मुंबईहून जीआयपीची मोठी गाडी खंडव्यापर्यंत, तिथे उतरून छोट्या गाडीत बसायचं, मग पाताळपाणीचा घाट, महू, इंदूर. आजी सांगायची की खंडव्याला गाडी बदलताना कुणाच्या पेटीत काय आहे ते वासावरून कळायचं. ब्राह्मण कुटुंबं शेजारच्या बाकावरून उठून जायची आणि सोड्यांचा वास ओळखणारी दोन कुटुंबं एकमेकांना शोधून बोलायला लागायची. आमच्या एका आत्याचं लग्न अशाच ओळखीतून जमलं.

माझ्या लहानपणी वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, चौलहून पार्सल यायचं. गोणपाटाच्या पिशवीत आमसुलं, वर मिठाचा थर. त्या वर्षाची नवी आमसुलं ओलसर आणि काळी-लाल असायची. रातांब्याची साल काढून, त्याच फळाच्या रसात मीठ घालून, पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवायची, तेव्हा आमसूल होतं. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आम्हाला तेव्हा मानांकन माहीत नव्हतं, पण पिशवी उघडली की सगळं घर एकदम कोकणात जायचं. ज्यांनी कोकण पाहिलंच नव्हतं तेसुद्धा.

पार्सल जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुरायचं. मग काय? मग माळव्याचं आंबट. आणि माळवा त्या बाबतीत काही गरीब नाही. राजवाड्याजवळ आपल्याकडे आख्खा इमली बाजार आहे. तिथून जवळच गुरुद्वारा इमली साहिब, गुरू नानकदेव तिथल्या चिंचेखाली बसले होते अशी श्रद्धा आहे. ज्या शहराच्या मध्यभागी चिंच आहे तिथे कालवण अडेल कसं? उन्हाळ्यात कैरी, नंतर आमचूर. आजीच्या मते क्रम असा: आमसूल, चिंच, कैरी, आणि आमचूर फक्त नाइलाजाने. एकदा काकांनी मांडूहून खुरासानी इमली आणली. मांडूला ती जाडजूड बुंध्याची झाडं आहेत ना, आफ्रिकेतली, गोरखचिंच, तिचं फळ. लांबट, मखमली कवच, आत पिठासारखा आंबट गर. आजीने त्याचं कालवण केलं, चाखलं, आणि म्हणाली, "औषध म्हणून चांगलं आहे." पुन्हा केलं नाही.

आंबट संपलं की दुसरं शोधणं, हे काही फक्त आमच्याच घरी झालेलं नाही. तंजावरची ती सांबाराची कथा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीत घालायचं कोकम संपलं, कुणीतरी चिंच सुचवली, पाहुणे संभाजीराजे होते म्हणून नाव पडलं सांबार. ही दंतकथा आहे, कागद मागू नका. पण मला त्यातलं दुखणं खरं वाटतं. घरापासून शेकडो मैलांवर मराठी स्वयंपाकघर आहे आणि आमसूल संपलंय. आणि गंमत बघा, त्याच तंजावरी मराठी समाजातले सर टी. माधवराव १८७३ ते १८७५ इंदूरचे दिवाण होते. इकडे रेल्वेचे रूळ पडत होते तीच वर्षं. त्यांच्या घरी आमटी चिंचेची होत असणार, आणि शेजारच्या वाड्यात आमसुलाची. दोघेही आपापली आमटीच खरी मराठी म्हणत असतील.

आता तुम्हाला फिलिपाइन्सला नेतो. एकदम एवढ्या लांब का, तर माझी पुतणी अबुधाबीला नोकरी करते. तिच्या शेजारी फिलिपिनो कुटुंब. गेल्या वर्षी ती इंदूरला आली आणि म्हणाली, "काका, आज मी आजीचं कालवण करते, पण त्यांच्या पद्धतीचं." त्या पदार्थाचं नाव सिनिगांग. त्यांच्याकडचा अगदी घरगुती, रोजचा पदार्थ, भाताबरोबर खायचा. मी उभा राहून सगळं पाहिलं. सवयच आहे, तपासणीची.

तिने तांदळाचं दुसरं धुवण राखून ठेवलं! मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, शेजारच्या ताईने, त्यांच्यात असंच करतात. मग धुवणात कांदा, टोमॅटो आणि अरवीचे तुकडे उकळत ठेवले. अरवी शिजून थोडी विरघळते, रसाला अंग येतं. चिंच वेगळी उकडून, कुस्करून, गाळून घातली. त्यांच्याकडे कोवळी हिरवी चिंच वापरतात, तिला ते साम्पालोक म्हणतात. मग मुळा, चवळीच्या शेंगा, भेंडी, एक लांब हिरवी मिरची आख्खी. मग रोहूचे तुकडे. शेवटी पालक, कारण त्यांची पाण्यातली भाजी, आपली नाळीची भाजी, इंदूरला मिळाली नाही. खरं तर त्यांचा मासा बांगुस, समुद्रात आणि खाडीत होणारा. मिठाऐवजी ते माशाचं खारं पाणी घालतात, पातिस. ती बाटली तिने आणली होती. बाटली उघडल्यावर आमच्या हिने खिडकी उघडली.

तेल नाही, फोडणी नाही, हळद नाही, लसूण नाही. मी साशंक होतो. पण पहिला घोट घेतला आणि सांगतो, तो आंबटपणा ओळखीचा होता. रोहूचा मातीचा वास नव्हता. रंग वेगळा, वास वेगळा, पण मासा आणि आंबट यांचा हिशोब तोच. तिकडेही आंबट एकच नाही. चिंच नसेल तर कच्चा आंबा, पेरू, नाहीतर कामियास. पुतणीने मोबाईलवर कामियासचा फोटो दाखवला. अहो, ती आपली बिंबली! कोकणात परसात झाडाच्या खोडालाच लगडते ती. चौलला आजीच्या माहेरी विहिरीजवळ तिचं झाड होतं, मी लहानपणी मीठ लावून खाल्लीय.

जाता जाता आणखी एक. आपण शाळेबाहेर जी विलायती चिंच खायचो, इथली पोरं जिला जंगल जलेबी म्हणतात, तिला इंग्रजीत मनिला टॅमरिंड असं नाव आहे. मूळ मेक्सिकोची. स्पॅनिश लोकांनी जहाजातून फिलिपाइन्सला नेली, तिथून आशियात पसरली. आणि खऱ्या चिंचेला अरबांनी नाव दिलं 'तमर हिंदी', हिंदचा खजूर, तर ती मुळात आफ्रिकेची. कोणतं आंबट कुणाचं, हा वाद घालायला बसलो तर जेवण थंड होईल.

पण मला या सूपाने विचारात पाडलं ते वेगळ्याच कारणाने. आमचा वाडा होता तोवर मासा मागच्या पडवीत, वेगळ्या चुलीवर व्हायचा. पुढे देवघर, मागे मासा. पुढच्या बिऱ्हाडात देशस्थ कुटुंब होतं, त्यांना वास जायचा, पण दोनशे वर्षांच्या शेजाराला वासाचं काय? त्यांच्या घरी श्रावणात सत्यनारायण असला की आमच्याकडून आमसुलं जायची साराला. आमच्याकडेही श्रावणात, नारळी पौर्णिमेपर्यंत मासा बंद. तेव्हा त्याच पातेल्यात, त्याच आमसुलांचं, माशाशिवायचं सार व्हायचं. वाडा पडला, भाऊ वेगळे झाले, सगळे फ्लॅटमध्ये गेले. मी जिथे प्रथम फ्लॅट पाहिला तिथल्या सोसायटीने तोंडावर विचारलं होतं, "आप लोग तो महाराष्ट्रियन हो ना, यानी शाकाहारी?" मी म्हटलं, हो महाराष्ट्रीयन. पुढचं उत्तर न देता दुसरीकडे फ्लॅट घेतला. आमच्या नात्यातल्या चार घरांनी मात्र मासा करणंच सोडून दिलं. लसणीच्या फोडणीत मासा पडला की वास जिन्यात उतरतो, खाली नावं ठेवतात, मुलांना शाळेत ऐकावं लागतं. एक वहिनी तर म्हणाल्या, "भावजी, कोण त्या कटकटीत पडतं, हॉटेलात खाऊन येतो." हॉटेलात तंदुरी मिळते, कालवण नाही. अशा घरांत आमसूल आता फक्त उपासाच्या साराला आणि पित्ताला उरलंय.

मासळीची काही कमी नाही आता, बरं का. गुजरातच्या किनाऱ्यावरून, मुंबईहून बर्फात पापलेट, सुरमई येते. इंदिरासागरातून रोहू-कतला येतो. आजीला जे स्वप्नातही मिळालं नसतं ते फोन केला की घरपोच मिळतं. मासा आला आणि शिजवणारं घर गेलं, असा उलटा ताळेबंद झालाय.

तर त्या सूपाला फोडणी नव्हती. सगळं पाण्यात उकळलं, झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरच्या अग्रवाल भाभी भेटल्या. मी मुद्दाम थांबलो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "भाईसाब, कल आपके यहाँ इमली की कढ़ी बनी थी क्या? बड़ी अच्छी खुशबू आ रही थी."

मी हे त्या वहिनींना फोन करून सांगितलं. त्यांनी कृती विचारून घेतली, पण पालक-भेंडी नको म्हणाल्या, आमसुलं घालीन म्हणाल्या. परवा त्यांच्याकडे जाऊन आलो. धुवण, हळद, दोन ठेचलेल्या पाकळ्या कच्च्याच उकळीत टाकलेल्या, हिरवी मिरची, आठ आमसुलं, रोहू. फोडणी नाही. आमसुलं त्यांनी आधीच टाकली होती त्यामुळे जरा तुरट उतरलं होतं, ते मी सांगितलं. त्यांचा नातू, वय वर्षं नऊ, जन्मात पहिल्यांदा घरात शिजलेला मासा खात होता. काट्यांना घाबरत होता, म्हणून वहिनी काटे काढून देत होत्या. भात मात्र त्याने तीनदा घेतला.

धार, देवास, उज्जैनच्या आपल्या सीकेपी आणि सारस्वत घरांत नदीच्या माशाला काय आंबट घालत होते, आमसूल संपल्यावर काय वापरत होते, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी खाली जरूर लिहा. प्रमाणासकट लिहा. धारच्या एका घरी आवळा घालायचे असं मी ऐकलंय, पण खाल्लेला माणूस अजून भेटलेला नाही.